पुढचा धर्म कोणता, ते कळवावं

१२ जून

वहिनी, नमस्कार.

वर्गाची फी सांगत नाही, ती किरकोळ आहे. खरा खर्च वेगळाच झालाय. सगळ्यात आधी डावा गुडघा. वर्ग प्राथमिक शाळेच्या खोलीत भरतो आणि बाकं सात वर्षांच्या पोरांच्या मापाची आहेत, त्यात मी घडी घालून बसतो. मग तुमच्या धाकट्या जावेचं बोलणं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी घरी नसतो, म्हणून उरलेल्या संध्याकाळी ती घरी असून नसल्यासारखी असते. आणि इज्जत. कंपनीतली माणसं मी आलो की गप्प होतात, आणि मी वळलो की एकजण हळूच म्हणतो, "साहेब आता डोंगरावर जाऊन बसणार, तेव्हा पगारवाढ आत्ताच मागून घ्या." त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

एवढं सगळं गेलं ते जगातले धर्म शिकण्यापायी. हसू नका, कारण हे तुमच्यामुळे झालंय.

दादा गेल्यावर माणसं पांगली. सगळ्यांच्या शेवटी मी निघालो आणि तुम्ही लिफ्टपर्यंत सोडायला आलात. दार मिटता मिटता तुम्ही विचारलंत, "भावोजी, पुढे भेट असते का हो?" मी तोंड उघडायच्या आत दार मिटलं आणि मी चार मजले खाली आलो. वाटलं, खाली पोचेपर्यंत उत्तर सुचेल. दीड वर्ष झालं, सुचलेलं नाही. लहानपणी आई जे म्हणायला लावायची ते म्हणत आलो, पण त्याचा अर्थ विचारायला सवड कुठे होती? आधी दुसऱ्याच्या स्पॅनरची पिशवी उचलत होतो, मग लिफ्टदुरुस्तीची स्वतःची कंपनी काढली, तिच्यातच केस पांढरे झाले. पण गिऱ्हाइकाला "माहीत नाही" असं मी आजवर कधी सांगितलेलं नाही, आणि वहिनीला तर नाहीच सांगणार.

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. लिफ्ट कुरकुरायला लागली की मी आधी कान लावतो, मग एकेक भाग बंद करत जातो. ज्याने आवाज थांबला तो गुन्हेगार. तसंच इथे करायचं. प्रत्येक धर्माला तुमचा एकच प्रश्न विचारायचा: भेट आहे की नाही? जो पटेल तो खरा, बाकीच्यांना नमस्कार. वर्षअखेर उत्तर तुमच्या हातात.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, आवाज बारीक पण धाक मोठा. त्यांचा एक अजब नियम आहे. वर्गात "ते लोक असं मानतात" असं म्हणायला बंदी. ज्या धर्माचा महिना चालू असेल त्या महिन्यात सगळ्यांनी "आपण असं मानतो" म्हणायचं. चुकलं की पुन्हा उभं राहून म्हणायचं. बाई म्हणतात, खिडकीतून डोकावू नका, आत येऊन बसा.

परवा फोन केला तेव्हा तुम्ही "बरंय, बरंय" करून ठेवून दिलात. पण मला हवं ते ऐकू आलं. तुमच्या मागे दादाचं घड्याळ चालू होतं. भिंतीवरचं, किल्लीचं, ज्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. एवढ्या घरात तुम्ही एकट्या, आणि त्या घड्याळाला अजून किल्ली देता!  वहिनी, तुम्ही तोंडाने काही सांगू नका. माझ्या कानांतून काही सुटत नाही.

तुमचा धाकटा दीर,
लिफ्टवाला


२३ जून

भावोजी,

पत्र मिळालं. मोठ्याने वाचलं, त्यामुळे जास्त हसू आलं.

तुमचे दादा तुम्हाला पाढे शिकवायचे तेव्हा तुम्ही टेबलाखाली जाऊन झोपायचात. आता निदान बाकावर बसता, हे काय कमी आहे? जावेला सांगा, तिने रुसणं सोडू नये, पण गुडघ्याला शेक द्यावा.

प्रश्न मी विचारला होता, आणि गमतीने विचारला नव्हता. आता तर त्याची घाई झाली आहे. मला एकांना उत्तर द्यायचं आहे, हे वर्ष संपायच्या आत. कुणाला आणि कसलं, ते आत्ता विचारू नका. तुमचं उत्तर आलं की माझं देता येईल, असं मी मनाशी धरलंय. तेव्हा घोळ घालू नका. भेट असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा. दुःख होईल म्हणून गोड करून लिहिलंत तर मी ओळखीन.

इकडे सगळं ठीक. समोरच्या घरातले हल्ली सकाळी त्यांचं काम घेऊन माझ्या खिडकीशी बसतात, त्यांच्या बाजूला उजेड येत नाही. समोरचे म्हणाले, बाईंचा नियम चांगला आहे, पण माणसाने आत जाऊन बसावं तेव्हा बाहेरचं दार कुठे होतं ते लक्षात ठेवावं. मला पटलं. तुम्हीही लक्षात ठेवा.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली की उसासा टाकते. येऊन बघा कधीतरी. पण आधी धर्म आटपा.

वहिनी


३० जुलै

वहिनी, नमस्कार.

दोन महिने झाले, दोन मतं झाली.

पहिल्या महिन्यात आपण मानलं की आत्मा घर बदलतो. म्हणजे दादा आत्ता कुठेतरी रांगत असणार आणि कुणाच्या तरी कानातलं ओढत असणार. मी दोन आठवडे रस्त्यात दिसेल त्या बाळाकडे टक लावून बघत होतो. एका बाळाने माझ्याकडे बघून कपाळाला अगदी दादासारख्या आठ्या घातल्या. मी जवळ गेलो तर त्याची आई त्याला उचलून पलीकडच्या फुटपाथवर गेली. असो. यात भेट असली तरी ओळख नाही, आणि ओळखीशिवाय भेटून करायचं काय?

मग बुद्धाचा महिना लागला आणि मी हादरलो. आपण मानतो की "मी" म्हणून मुठीत धरता येईल अशी वस्तूच नाही. विमा विकणारे एक गृहस्थ वर्गात आहेत, ते चिडले. म्हणाले, "मग मी एवढी वर्षं उतरवला कुणाचा?" मला मात्र चटकन उमगलं. तुमच्या इमारतीतली लिफ्ट घ्या. दोर मी बदलला, मोटर बदलली, दारं बदलली, बटणं बदलली, दोन वर्षांपूर्वी अख्खी पेटी बदलली. तरी तुम्ही सगळे म्हणता, जुनी लिफ्ट आली. कुठली जुनी? तिच्यात जुनं आहे ते फक्त तुमचं "आली" म्हणणं. माणसाचंही तसंच. मग भेटणार कोण आणि कुणाला?

त्या दिवशी घरी जाऊन हिला म्हटलं, "अगं, खरं तर तू नाहीसच." ती म्हणाली, "मी नाही, तर उद्यापासून डबाही नाही." तीन दिवस बाहेर जेवलो, पण मत बदललं नाही.

तेव्हा लिहून घ्या: भेट नाही. पक्कं. खाली दोन रेघा मारतो. वाईट वाटेल, पण तुम्हीच म्हणालात गोड करू नका.

आणि ते उत्तर द्यायचं म्हणालात ना, मी ओळखलं. घर विकायला कुणीतरी मागे लागलाय. त्या बिल्डरला सरळ नाही म्हणा. दादाच्या भिंती आहेत त्या.

लिफ्टवाला


१४ ऑगस्ट

भावोजी,

कुठला बिल्डर? माझ्याकडे कुणी बिल्डर आलेला नाही.

"भेट नाही" हे वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. वाटलं होतं रडू येईल. आलं, पण थोडंच. मग उठले आणि खोलीतले पडदे काढले. काळपट हिरवे होते, तुमच्या दादांनीच पसंत केलेले, धुऊन धुऊन त्यांची रया गेली होती. आता पिवळे लावलेत. कपाटातले त्यांचे कोटही हॉस्पिटलजवळच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात दिले. ज्यांना घालायला कुणी उरलंच नाही ते कपाटाने किती दिवस सांभाळायचे? खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. समोरचे म्हणाले, "रंग बरा आहे." जाताना दारात थांबून म्हणाले, "फार बरा आहे."

मला जे उत्तर द्यायचं होतं ते मी दिलं. आता मोकळं वाटतंय. काल स्वयंपाक करताना गुणगुणत होते, ते माझं मलाच ऐकू आलं आणि मी गप्प झाले. मग म्हटलं, गप्प कशाला?

आता यात काही बदल होणार नाही ना, भावोजी? तुम्ही खाली दोन रेघा मारल्यात, म्हणून विचारते.

वहिनी


५ ऑक्टोबर

वहिनी!

बदल झाला! आणि कसला झाला! लिहिताना हात थांबत नाही.

आधीचा महिना ख्रिस्ती धर्माचा होता, आत्ता इस्लाम चालू आहे. दोन्हीकडे आपण मानतो की शेवटचा दिवस येणार, मेलेली माणसं उठणार आणि ज्याचा त्याचा न्याय होणार. वाफ नाही, सावली नाही, अंगापिंडाने उठणार! आणि आत्ताच्या महिन्यात तर आपण असंही मानतो की चांगल्या माणसाजवळ त्याची घरची चांगली माणसं आणून बसवतात.

मी हात वर केला. "बाई, माणूस उठताना चष्मा लावून उठतो का?" वर्ग खो खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथे डोळे अधू कशाला असतील?" ऐकलंत? म्हणजे दादा लांबूनच आपल्याला ओळखणार! आमच्यात एक नर्सबाई आहेत, फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी इतक्या जणांचे डोळे मिटलेत. ते सगळे पुन्हा उघडणार असतील तर मला तिथे ड्यूटी द्या." 

मागच्या पत्रात "नाही" लिहिलं होतं ते खोडा. मी घाई केली. ती लिफ्टची उपमा चुकली होती. लिफ्टला आई नसते, भाऊ नसतो, तिला माणसाचं काय लावायचं? भेट आहे, वहिनी. चेहऱ्यानिशी, नावानिशी. पक्कं. या वेळी तीन रेघा मारल्यात, बघा.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्हाला तर याच्या दुप्पट वाटत असेल. पिवळे पडदे राहू द्या, पण एखादा कोट परत मिळतो का बघा.

लिफ्टवाला


१६ ऑक्टोबर

भावोजी,

कोट विकले गेले. पडदे काढून ठेवलेत.

एवढंच विचारायचं होतं. जो माणूस गेला त्याला इथलं दिसतं का? दिसत असेल तर आत्ता दिसतं, का शेवटच्या दिवशी सगळं एकदम कळतं? बाईंना विचारून सांगा. गोड करू नका.

मी दिलेलं उत्तर परत घेतलंय. बरं दिसलं नाही, पण घेतलं. समोरचे आठवडाभर आले नाहीत.

वहिनी


२५ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

तुमच्या चार ओळी वाचल्या आणि त्यांच्या मागचं सगळं मला ऐकू आलं. तुम्ही खचलाय. पडदे काढून अंधारात बसलाय. घर विकायचं नाही म्हणून सांगितलंत ते छान केलंत. आता नीट ऐका.

दिसतं! बाई म्हणाल्या यावर एकमत नाही, प्रत्येकाकडे चार मतं आहेत. पण त्या नेहमीच असं म्हणतात. मी बूटवाल्याला विचारलं. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसतो आणि त्याच्या घरी या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या गेल्यात. तो म्हणाला, दिसतं, शंकाच नको.

तेव्हा एकटेपणा मनातून काढून टाका. दादा बघतोय. तुम्ही सकाळी चहा घेता ते तो बघतो. तुमच्या पुढ्यातली खुर्ची रिकामी आहे असं समजू नका, तिच्यावर कोण बसतं ते त्याला ठाऊक आहे. तुम्ही गुणगुणता ते त्याला ऐकू येतं. घड्याळाला किल्ली देता तेव्हा तर तो तुमच्या अगदी मागे उभा असतो. तुमच्या त्या घड्याळाची गोष्ट मी वर्गात सांगितली. नर्सबाईंनी डोळे पुसले, आणि विमावाल्यांनीसुद्धा खिडकीबाहेर बघितलं.

आता रात्री शांत झोपा.

लिफ्टवाला


११ नोव्हेंबर

सन्माननीय महोदय,

आपली ओळख नाही. म्हणजे माझी तुमच्याशी चांगली आहे, तुमची माझ्याशी नाही. तुमच्या वहिनी चौथ्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. तुमची सगळी पत्रं त्यांनी मला वाचून दाखवली आहेत, शेवटचं सोडून. ते मी टेबलावर पडलेलं पाहून विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं माझ्याकडे सरकवलं. पत्ता मी पाकिटावरून घेतला. त्यांना न सांगता लिहितो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

मी घड्याळं दुरुस्त करतो. दुकान मुलीच्या आग्रहाने बंद केलं, पण जुनी गिऱ्हाइकं घरी येतात. बायको जाऊन सात वर्षं झाली. तुमचे दादा होते तेव्हा आमचं येता-जाता बोलणं होतं. ते गेल्यावर वहिनींचं बल्ब बदलणं, बिलं भरणं अशी कामं मी करू लागलो, त्या मला दुपारचं वाढू लागल्या. मे महिन्यात मी त्यांना विचारलं की दोन दारांऐवजी एक दार पुरेल का. या वयात हे विचारायला माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते.

त्या म्हणाल्या, "मी यांना पुढे भेटले तर काय सांगू?" मग जूनमध्ये तुमचं पहिलं पत्र आल्यावर म्हणाल्या, आमचे भावोजी शोधून काढताहेत, ते सांगतील त्यावर ठरवू.

तुमचा अभ्यास फार मनापासून चालला आहे यात शंका नाही. पण त्याचा परिणाम असा झाला: ऑगस्टमध्ये मला होकार मिळाला. पिवळं कापड मीच आणलं होतं. ऑक्टोबरमध्ये होकार परत घेतला गेला. त्यानंतर मी जायचं बंद केलं, मग राहवलं नाही म्हणून पुन्हा गेलो. आणि तुमच्या शेवटच्या पत्रानंतर मला बसायला स्टूल मिळतं. खुर्चीकडे त्या बघतही नाहीत.

माझी मुलगी मला तिच्या गावी बोलावते आहे. घर ठेवायचं की सोडायचं हे मला वर्षअखेरपर्यंत घरमालकांना सांगायचं आहे. मी कुठल्याही धर्माची तक्रार करत नाही. फक्त एवढीच विनंती: पुढचा धर्म कोणता, ते कळवावं. आणि शक्य असल्यास तो लवकर घ्यावा.

आपला,
समोरचा


१७ नोव्हेंबर

महोदय,

पत्र पोचलं. बाईंची तब्येत बरी नसल्याने वर्ग बंद आहे. पुढचा धर्म ठरलेला नाही.

— लिफ्ट कंपनीचा मालक


६ डिसेंबर

वहिनी,

बाईंना काहीही झालेलं नाही. मी खोटं लिहिलं. कुणाला लिहिलं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. ते गृहस्थ तुमच्यापासून फार दिवस काही लपवतील असं त्यांच्या अक्षरावरून वाटत नाही.

त्यांचं पत्र वाचून तीन आठवडे झाले. आधी राग आला. कुणाचा, ते ठरवता येईना. त्यांचा म्हणावा तर माणूस स्टुलावर बसून विनंती करतोय. तुमचा म्हणावा तर तुम्ही जूनमध्येच सांगितलं होतंत, एकांना उत्तर द्यायचंय म्हणून. तुमच्या प्रत्येक पत्रात "समोरचे म्हणाले", "समोरचे आले", "समोरचे आले नाहीत". मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला बिल्डर दिसला!

वर्ग सुटल्यावर बाईंना गाठलं. म्हटलं, एकीचे दोन नवरे तिकडे समोरासमोर आले तर काय? बाई म्हणाल्या, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीही कुणीतरी असाच विचारला होता, तिथे तर एकीचे एकामागून एक सात नवरे होते, सगळे सख्खे भाऊ. मी विचारलं, मग उत्तर काय मिळालं? म्हणाल्या, उत्तर असं की तिकडे लग्नाची नाती चालतच नाहीत. मी म्हटलं, आणि भावाभावांची? बाईंनी फळा पुसायला घेतला. पुसता पुसताच म्हणाल्या, "ते कुणी विचारलं नव्हतं."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती तुमच्या नावाने बोटं मोडेल. तिने भाजी चिरणं थांबवलं नाही. म्हणाली, "दादांना भेटायचंय तुम्हाला. मग तुम्ही भेटा की. वहिनींना कशाला रांगेत उभं करताय?"

 खरं होतं. "भेट नाही" लिहिलं तेव्हा दोन रेघा मारल्या आणि "आहे" लिहिलं तेव्हा तीन, त्यातली तिसरी माझ्यासाठी होती.

तर वहिनी, मला माहीत नाही. हे वाक्य लिहायला अर्धा दिवस लागला. एकेक भाग बंद करत गेलो, पण आवाज थांबतच नाही. प्रत्येक महिन्यात आत जाऊन बसलो आणि प्रत्येक ठिकाणी घरातल्या माणसांनी जागा करून दिली. बाहेरचं दार कुठे होतं ते लक्षात ठेवा म्हणून समोरच्यांनी बजावलं होतं, ते मी ठेवलं नाही. आता रस्त्यावर उभा आहे, सगळ्या घरांत दिवे दिसताहेत, माझं कुठलं ते कळत नाही. बाईंना म्हटलं, मी आलो त्याहून जास्त गोंधळून चाललोय. म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी नाव घालताय ना?" घातलं. आता मोठी बाकं आणणार आहेत म्हणे.

पण एवढं सांगू शकतो. पुढे काही नसेल तर प्रश्नच मिटला. आणि असेल, आणि दादा कपाळाला आठ्या घालून विचारायला लागला, तर माझं नाव सांगा. म्हणावं, भावोजींना विचारूनच केलं, त्यांनी हो म्हटलं. त्याला माझ्यावर ओरडायची सवय आहे, त्याला काही नवीन वाटणार नाही. आणि मी ऐकून घेईन. तो ओरडण्यापुरता का होईना भेटला, तर मला चालेल.

पडदे लावा. त्यांना खुर्ची द्या.

तुमचा धाकटा दीर


२८ डिसेंबर

भावोजी,

पडदे लावले.

तुमचं पत्र आधी मी एकटीने वाचलं. मग दार वाजवलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते "तर वहिनी, मला माहीत नाही" इथे म्हणाले, थांबा, एवढं पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. उगाच लिहिलं मी त्यांना." मी म्हटलं, उगाच नाही, तुम्ही लिहिलं नसतंत तर भावोजींनी आपल्याला पुढची पाच वर्षं धर्म पुरवले असते.

घरमालकांना त्यांनी कळवलंय, समोरचं घर सोडणार म्हणून. आता त्यांना समोरचे म्हणायची सवय मोडायला हवी.

तुमच्या दादांना काय सांगायचं ते माझं मी सांगेन. पुढे भेटले तर. एकेचाळीस वर्षं त्यांना सगळं मीच सांगत आले, आणि मधे तुमचं नाव घेतलं की ते जास्तच भडकायचे. मला अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू? कधी वाटतं ते समजून घेतील, कधी वाटतं तोंड फिरवतील. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं. पण तुम्ही एवढ्या बाकांवर बसून आलात आणि तुम्हालाही माहीत नाही, हे वाचून मला पहिल्यांदा धीर आला. आता कुणी "पक्कं" म्हटलं तर मी घाबरते.

नाव द्यायचंच असेल तर कागदावर द्या. दहा जानेवारीला सकाळी नोंदणी कार्यालयात सही करायची आहे, तीन साक्षीदार लागतात. एक त्यांची मुलगी, एक तुम्ही आणि तिसरी धाकटी जाऊ. तिला नक्की आणा, तिच्या हाताला धरून मला दोन शब्द बोलायचे आहेत. येताना लिफ्टचा उसासा बघा. धर्म आणू नका.

एक राहिलं. हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतकं मनापासून लिहिलं होतं की धीर झाला नाही. पुढे तुम्ही ते वर्गातही सांगून आलात, आणि नर्सबाई रडल्या म्हटल्यावर तर आम्ही दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो. फोनवर तुम्हाला जे ऐकू आलं ते यांचं काम होतं. त्या दिवशी खिडकीपाशी टेबलावर पाच घड्याळं मांडलेली होती. तुमच्या दादांचं घड्याळ ते हयात असतानाच बंद पडलंय. यांनी दुरुस्त करू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं.

अजून बंदच आहे.

वहिनी